तापाच्या आजारात आणि त्यानंतर: थायरॉईड कमी असणाऱ्यांनी गोळी, तपासणी आणि थकवा यांकडे कसे पाहावे

ज्यांची थायरॉईड ग्रंथी कमी काम करते आणि जे त्यासाठी रोज लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेतात, त्यांना फ्लू, कोविड किंवा तशाच एखाद्या विषाणूजन्य तापाने गाठले की बहुतेक वेळा तेच प्रश्न पडतात. गोळी चालू ठेवायची की थांबवायची, डोस वाढवायचा का, आणि लगेच रक्त तपासून घ्यायचे का? थोडक्यात उत्तर असे की गोळी चालू ठेवावी, डोस आपणहून बदलू नये आणि तपासणीची घाई करू नये. उत्तर सोपे आहे. पण त्यामागचे कारण नीट समजले नाही तर ते पाळले जात नाही. अंगात ताप असताना आणि त्यानंतरच्या अशक्तपणात काहीतरी करावेसे वाटते, आणि हाताशी असलेली, आपल्याला बदलता येण्यासारखी गोष्ट म्हणजे नेमकी ही गोळी असते.

गोळी शरीरात किती दिवस टिकते

थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ म्हणजे थायरॉक्सिन तयार करते. टी-३ त्या मानाने फार थोडे. पेशींमध्ये शिरून प्रत्यक्ष काम करते ते मात्र टी-३. शरीराला लागणाऱ्या टी-३ पैकी सुमारे ८० टक्के भाग ग्रंथीच्या बाहेर, यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी, टी-४ मधून आयोडीनचा एक अणू काढून टाकून बनवला जातो. म्हणजे टी-४ हा साठा आहे आणि त्यातून गरजेप्रमाणे टी-३ काढून घेण्याचे काम अवयव आपापल्या पातळीवर करतात. या साऱ्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची नजर असते. रक्तातले थायरॉईडचे संप्रेरक कमी पडू लागले की ती टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारे स्वतःचे संप्रेरक, वाढवते आणि जास्त झाले की घटवते. हा प्रतिसाद अतिशय तीव्र असतो: टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, ते शंभरपटीच्या घरात जाऊ शकते. म्हणूनच एरवी एकट्या टीएसएचच्या आकड्यावर डॉक्टर एवढा भरवसा ठेवतात. प्रौढांमध्ये त्याची सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ अशी धरतात. प्रयोगशाळेगणिक त्यात थोडा फरक असतो.

गोळीतले लेव्होथायरॉक्सिन रचनेने तेच टी-४ आहे. रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ७ दिवस लागतात. या हिशेबाने एक दिवस गोळी चुकली तर साठा जेमतेम १० टक्क्यांनी घटतो, आणि सलग तीन दिवस चुकली तरी सुमारे तीन चतुर्थांश साठा शिल्लक राहतो. ज्यांची ग्रंथी थोडेफार संप्रेरक स्वतः तयार करते, त्यांच्या बाबतीत घट याहूनही कमी होते. त्यामुळे ताप, मळमळ किंवा उलट्यांमुळे एकदोन दिवस गोळी पोटात राहिली नाही, तर घाबरण्यासारखे काही नसते. आठवण आली आणि पोट शांत झाले की नेहमीचा डोस पुन्हा सुरू करावा.

हाच हिशेब उलट बाजूनेही लागू होतो आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. जे औषध शरीरातून इतक्या सावकाश कमी होते, ते वाढवले तरी त्याचा परिणाम इतक्याच सावकाश दिसतो. डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेव्हा पाच दिवसांच्या तापात ताकद यावी म्हणून गोळी दीडपट केली, तर त्या पाच दिवसांत तिचा उपयोग काहीच होत नाही; झालाच तर त्रास नंतरच्या आठवड्यांत होतो, धडधड, घाम, झोप न लागणे अशा रूपाने. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर अशा जादा डोसामुळे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो.

यात काही अपवाद आहेत. काही थोडे लोक टी-३ची गोळी, म्हणजे लायोथायरोनिन, घेतात. ते शरीरात सुमारे एकच दिवस टिकते, त्यामुळे ते चुकले तर लवकर जाणवते. जन्मजात थायरॉईड कमी असलेली बाळे आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत तर 'दोनतीन दिवसांनी काय होते' हा विचार मनातही आणू नये. बाळाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते आणि गरोदरपणात त्याची गरज एरवीपेक्षा साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढलेली असते. उलट्यांमुळे गोळी राहतच नसेल, तर या दोन्ही बाबतीत त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

संसर्गाचा धोका जास्त असतो का

थायरॉईड कमी असण्याची अनेक कारणे आहेत. शरीराला आयोडीन पुरेसे मिळते अशा ठिकाणी सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे हाशिमोतोचा आजार. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करते. 'माझी प्रतिकारशक्ती बिघडलेली आहे' हे वाक्य यातूनच येते आणि त्याचा अर्थ 'माझी प्रतिकारशक्ती कमी आहे' असा लावला जातो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाशिमोतोमध्ये प्रतिकारयंत्रणा चुकीच्या जागी काम करते. विषाणूशी लढताना ती कमी पडते असे नाही. गोळी नियमित चालू असेल आणि टीएसएच मर्यादेत असेल, तर अशा व्यक्तीला फ्लू किंवा कोविड इतरांपेक्षा सहज होतो किंवा जास्त तीव्र होतो, असे मानण्यास आधार नाही. लसीकरणालाही हा आजार आड येत नाही.

यात एक गल्लत नेहमी होते. थायरॉईड जास्त काम करत असलेले रुग्ण कार्बिमाझोलसारखी औषधे घेतात. त्या औषधांमुळे क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून ताप किंवा घसादुखी सुरू होताच ते औषध थांबवून रक्त तपासण्याची सूचना त्यांना दिलेली असते. ही सूचना फक्त त्यांच्यासाठी आहे. ती ऐकून लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्याने तापात आपली गोळी बंद करण्याचे काही कारण नाही.

दुसरी गल्लत अशीच, पण विरुद्ध दिशेची. अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेले, म्हणजे अ‍ॅडिसनचा आजार असलेले रुग्ण हायड्रोकॉर्टिसोनसारखे स्टेरॉईड रोज घेतात आणि ताप आला की त्यांना तो डोस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढवावाच लागतो, सहसा दुप्पट. निरोगी शरीर आजारपणात हे संप्रेरक कितीतरी जास्त तयार करत असते, म्हणून त्यांच्या बाबतीत तो वाढीव डोस जिवावरचा प्रश्न ठरतो. थायरॉईडच्या गोळीला असा आजारपणाचा नियम नाही. मात्र स्वयंप्रतिकारामुळे होणारे हे दोन्ही आजार काही जणांमध्ये एकत्र असतात. अशा व्यक्तीने तापात स्टेरॉईड वाढवावे आणि थायरॉईडची गोळी आहे तशीच ठेवावी.

तापाच्या दिवसांत गोळी कशी घ्यावी

एरवीचा नियम असा की गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नये. आजारपणात झोपेच्या, खाण्याच्या वेळा बिघडतात. सकाळ जमत नसेल तर रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर किमान तीन तासांनी घेतली तरी चालते. जे काही करायचे ते रोज त्याच पद्धतीने केले तर रक्तातली पातळी सरळ राहते. अगदीच काही जमले नाही आणि गोळी खाण्याच्या जवळपास घ्यावी लागली, तरी ती अजिबात न घेण्यापेक्षा बरी, कारण तेव्हा ती कमी शोषली जाते इतकेच.

खरी अडचण येते ती आजारपणात नव्याने घरात आलेल्या इतर गोळ्यांमुळे. 'ताकदीसाठी' म्हणून कॅल्शियम, लोह आणि जस्त असलेल्या गोळ्या सुरू होतात, छातीत जळजळते म्हणून अँटासिड घेतले जाते. यातील खनिजे आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला बांधून ठेवतात आणि त्याचे शोषण कमी करतात. रुग्णाच्या दृष्टीने गोळी रोज वेळेवर चालू असते, प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग शरीरात शिरतच नाही, आणि दोन महिन्यांनी टीएसएच वाढलेले दिसले की सगळा दोष विषाणूवर जातो. या गोळ्या आणि थायरॉईडची गोळी यांच्यात चार तासांचे अंतर ठेवले की प्रश्न मिटतो. सर्व औषधे एकाच डबीत भरून एकाच वेळी घेण्याची सोयीची सवय इथे नडते. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांचे तसे नाही; त्या जठरातले आम्लच घटवतात, त्यामुळे अंतर ठेवून फारसा फरक पडत नाही. पण त्या काही दिवसांपुरत्या असतील तर काळजीचे कारण नाही. त्या महिनोन्‌महिने चालणार असतील, तरच टीएसएच पुन्हा पाहावे लागते.

तापासाठी पॅरासिटामॉल घ्यायला थायरॉईडची हरकत नाही. सर्दीच्या औषधांच्या वेष्टनावर 'थायरॉईडचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारा' असे छापलेले असते, ते वाचून अनेक जण बिचकतात. नाक मोकळे करणाऱ्या स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलएफ्रिनमुळे नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. ती सूचना प्रामुख्याने थायरॉईड जास्त असलेल्यांसाठी आहे. थायरॉईड कमी असून गोळीने आटोक्यात असेल, तर विचार करायचा तो रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा. घसा दुखतो म्हणून पोव्हिडोन-आयोडीनच्या गुळण्या मात्र आठवडेच्या आठवडे चालू ठेवू नयेत. त्यातले आयोडीन शरीरात शोषले जाते आणि ज्यांची ग्रंथी अर्धवट काम करते आहे, त्यांच्यात जास्तीच्या आयोडीनमुळे ती आणखी मंदावू शकते. समुद्री शेवाळापासून केलेल्या 'थायरॉईड पोषक' गोळ्यांनाही हेच लागू होते.

रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर ही गोळी चालू आहे हे सांगणे रुग्णाच्या किंवा नातेवाइकांच्या हाती असते, आणि गडबडीत तेच राहून जाते. श्वास लागलेल्या माणसाच्या केसपेपरवर रक्तदाब आणि मधुमेह लिहिला जातो, थायरॉईड 'किरकोळ' म्हणून सुटते. तोंडाने काहीच घेता येत नसेल तर पहिले काही दिवस गोळीविना चालतात. साधारण पाचएक दिवसांहून अधिक काळ तसेच राहणार असेल तर डॉक्टर शिरेतून लेव्होथायरॉक्सिन देण्याचा विचार करतात, आणि तो डोस तोंडाने घेण्याच्या डोसाच्या सुमारे ७५ टक्के असतो, कारण तो पूर्णच्या पूर्ण रक्तात पोहोचतो.

आजारपणात काढलेला रिपोर्ट

या विषयातला सर्वांत जास्त गैरसमजांचा भाग हाच आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

कोणताही बऱ्यापैकी तीव्र आजार झाला, किंवा नुसती उपासमार झाली, तरी शरीर टी-४ मधून टी-३ बनवण्याचा वेग कमी करते. हे एकदोन दिवसांतच सुरू होते. टी-४ सक्रिय टी-३ मध्ये बदलण्याऐवजी त्याचे रूपांतर 'रिव्हर्स टी-३' या जवळजवळ निष्क्रिय स्वरूपात होऊ लागते. आजार जास्त गंभीर असेल तर टी-४ देखील खाली येते, आणि आश्चर्य म्हणजे टी-३ आणि टी-४ दोन्ही कमी असूनही टीएसएच वाढत नाही. ते मर्यादेत राहते किंवा उलट घटते. थायरॉईड ग्रंथीत काहीही दोष नसलेल्या माणसातही असे होते. ऊर्जा वाचवण्यासाठी शरीराने चयापचय मुद्दाम मंद केल्याचा हा भाग असावा, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. बाहेरून संप्रेरक देऊन हे आकडे सुधारण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण त्यातून रुग्णांना ठोस फायदा होतो असे दिसलेले नाही.

मग आजार ओसरू लागतो आणि चित्र उलटते. पिट्युटरी पुन्हा कामाला लागते, आणि काही दिवस ते आठवडे टीएसएच नेहमीपेक्षा वर जाते, कधी कधी अगदी २० पर्यंत. नेमक्या याच सुमारास अशक्तपणामुळे रुग्ण रक्त तपासायला जातो. समजा, ६० किलो वजनाची एक व्यक्ती आहे. पूर्ण डोस साधारणपणे वजनाच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम धरतात, म्हणून ती १०० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. गेले वर्षभर तिचे टीएसएच २ च्या आसपास आहे. तापातून उठल्यावर दोन आठवड्यांनी ते ९ येते. रिपोर्टवर आकडा ठळक अक्षरात छापलेला असतो, शेजारी वर जाणारा बाण असतो, आणि डोस १२५ केला जातो. दीड महिन्याने विषाणूचा परिणाम संपलेला असतो, टीएसएच मूळ जागी परतलेले असते आणि जादा २५ मायक्रोग्रॅम तसेच उरते. आता धडधड सुरू होते, झोप उडते, आणि त्यालाही 'आजारपणानंतरचा त्रास' म्हटले जाते.

यावर आणखी एक थर चढतो तो औषधांचा. गंभीर संसर्गात दिले जाणारे डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉईड टीएसएच दाबून टाकते आणि टी-३ची निर्मितीही कमी करते. रक्त गोठू न देणारे हेपारिन दिले असेल तर रक्ताच्या नमुन्यात मुक्त टी-४, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेले टी-४, खोटेच जास्त मोजले जाऊ शकते. अशा वेळच्या आकड्यांवरून डोस ठरवणे म्हणजे लग्नघरातला एका दिवसाचा खर्च पाहून त्या घराच्या वर्षभराच्या खर्चाचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

म्हणून डॉक्टरांना थायरॉईडमुळेच प्रकृती बिघडल्याची ठोस शंका नसेल, तर तीव्र आजारपणात ही तपासणी करूच नये, आणि पूर्ण बरे वाटू लागल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी करावी. टीएसएच २० च्याही वर असेल आणि मुक्त टी-४ कमी असेल, तर मात्र ते आजारपणाच्या नावावर टाकता येत नाही. तिथे थायरॉईड खरोखरच कमी पडत असते आणि बहुधा गोळीच आठवडेच्या आठवडे बंद असते किंवा शोषली जात नसते.

गोळी बराच काळ बंद असेल तर

वरचे सगळे दिलासा देणारे लिखाण ज्यांची गोळी नियमित चालू आहे त्यांच्यासाठी आहे. जे अनेक महिने गोळी घेत नव्हते, किंवा ज्यांचा आजार कधी ओळखलाच गेला नाही, त्यांच्यात, आणि विशेषतः वयस्कर व्यक्तींमध्ये, एखादा संसर्ग मिक्सिडीमा कोमा नावाची अवस्था आणू शकतो. ती दुर्मीळ आहे, पण उपचार मिळूनही तीत मृत्यूचे प्रमाण मोठे असते. यात माणूस ग्लानीत जातो, असंबद्ध बोलू लागतो, अंग थंड पडते, नाडी आणि श्वास मंदावतात, चेहरा सुजलेला दिसतो. एक गोष्ट इथे फसवते: संसर्ग असूनही अंगात ताप नसतो, कारण ताप निर्माण करण्याइतकी उष्णताच शरीर तयार करत नाही. झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या औषधांनी ही अवस्था आणखी बिघडते. थायरॉईडचा इतिहास असलेली व्यक्ती थंड, सुस्त आणि गोंधळलेली दिसू लागली, तर घरी गोळी चारून वाट पाहू नये. तिला ताबडतोब अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. तिथे शिरेतून थायरॉक्सिन आणि त्याआधी स्टेरॉईड दिले जाते.

ताप गेला, थकवा राहिला

विषाणूजन्य आजारानंतर काही आठवडे थकवा राहणे हे थायरॉईड निरोगी असलेल्यांमध्येही सर्रास दिसते. पण ज्याला थायरॉईडचा आजार माहीत आहे, तो प्रत्येक लक्षण त्याच खात्यात जमा करतो, आणि लक्षणेही अशी असतात की कोणालाही तसे वाटावे: थकवा, अंगदुखी, डोके जड, लक्ष न लागणे, केस गळणे, मन उदास. लक्षणांवरून या दोन्हींतला फरक सांगणे जवळपास अशक्य असते. सहा ते आठ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत टीएसएच मर्यादेत आले, तर थकव्याचे कारण दुसरीकडे शोधावे. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा, बी-१२, साखर, झोप, मनःस्थिती या गोष्टी पाहण्याआधी 'डोस थोडा वाढवून बघू' या मोहात पडू नये. जादा थायरॉक्सिनने सुरुवातीला थोडी हुशारी वाटते हे खरे आहे. पण ते वर्षानुवर्षे चालू राहिले तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाची लय बिघडू शकते.

कोविडनंतर लक्षणे रेंगाळली तर त्यांना जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक व्याख्या दिली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या निदानाने स्पष्ट न होणारी लक्षणे. 'दुसऱ्या निदानाने स्पष्ट न होणारी' या शब्दांमुळे इथे थायरॉईडची तपासणी रास्त ठरते. पण ती करायची ते थायरॉईड हे कारण नाही याची खात्री करून घेण्यासाठी. अशा थकव्यात काही जणांना श्रमानंतर दुसऱ्या दिवशी प्रकृती एकदम ढासळल्याचा अनुभव येतो. त्यांनी जोर लावून व्यायाम वाढवू नये. झेपेल तेवढेच काम तुकड्यातुकड्यांनी करावे. थायरॉईडच्या गोळीने हा त्रास बदलत नाही.

केस गळण्याची गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी केस मुठीमुठीने जाऊ लागतात, कारण तापाच्या धक्क्याने बरेचसे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात आणि ती अवस्था संपली की एकदमच गळतात. काही महिन्यांत ते आपोआप थांबते. पण तेवढा धीर कोणाला असतो? केसांसाठी बायोटिनची गोळी सुरू होते. शरीराची बायोटिनची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असते आणि केसांच्या गोळीत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असू शकते. अनेक प्रयोगशाळांची यंत्रे संप्रेरके मोजण्यासाठी बायोटिनवरच आधारलेली रासायनिक जोडणी वापरतात. रक्तात बायोटिनचा पूर आला की त्या यंत्रात टीएसएच खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त येते. रिपोर्ट सांगतो की गोळी जास्त होते आहे, डोस कमी केला जातो, आणि आता खरोखरच थायरॉईड कमी पडू लागते, केस आणखी गळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे प्रयोगशाळेतील चाचण्या चुकू शकतात असा इशारा दिला होता. उपाय साधा आहे: रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, आणि मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टनावरही ते आहे का, हे वाचून पाहावे.

विषाणूमुळे ग्रंथीलाच सूज आली तर

वरच्या सगळ्या प्रकारांत ग्रंथीला विषाणूने काही केलेले नसते. क्वचित मात्र थेट ग्रंथीलाच सूज येते. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद फ्रिट्झ द क्वेर्व्हां यांनी १९०४ मध्ये वर्णन केलेला हा आजार सर्दी-तापासारख्या संसर्गानंतर सहसा दोन ते आठ आठवड्यांनी दिसतो. २०२० मध्ये कोविडनंतर असा आजार झाल्याची पहिली नोंद इटलीतून आली. मानेच्या पुढच्या भागात दुखते, हात लावला तरी सहन होत नाही, कळ जबडा आणि कानापर्यंत जाते, म्हणून अनेक जण आधी दात किंवा कान तपासून घेतात. सुजलेल्या ग्रंथीतला साठा रक्तात सांडल्यामुळे पहिले काही आठवडे थायरॉईड जास्त असल्यासारखी लक्षणे असतात. मग साठा संपतो आणि ते कमी पडू लागते. काही महिन्यांत बहुतेकांची ग्रंथी पूर्ववत होते. साधारण ५ ते १५ टक्के लोकांना कायमची गोळी लागते. पहिल्या टप्प्यात कार्बिमाझोलचा उपयोग नसतो, कारण ग्रंथी जास्त संप्रेरक बनवत नसते, बनवलेले गळत असते. दुखण्यावर सूज कमी करणारी औषधे, ती पुरली नाहीत तर स्टेरॉईड, आणि धडधडीवर बीटा-ब्लॉकर दिले जाते.

विषाणूजन्य आजारानंतर ज्यांना पहिल्यांदाच थायरॉईडची गोळी सुरू झाली आहे, त्यांच्यासाठी ही माहिती विशेष महत्त्वाची आहे. ती गोळी सुजेनंतरच्या तात्पुरत्या टप्प्यात दिलेली असू शकते, किंवा आजारातून उठतानाच्या वाढलेल्या टीएसएचवरून दिलेली असू शकते. अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी केली असेल आणि ती स्पष्टपणे वाढलेली असेल, तर हाशिमोतोची आणि म्हणून कायमच्या उपचाराची शक्यता जास्त. ती वाढलेली नसेल, तर काही महिन्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस कमी करून किंवा थांबवून पाहता येईल का, हे जरूर विचारावे. आपणहून थांबवू नये, आणि विचारण्याचा संकोचही करू नये.

तपासणीच्या दिवशी त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास मुक्त टी-४ तात्पुरते वर गेलेले असते. शक्यतो नेहमीच्याच प्रयोगशाळेत जावे. आजारपण केव्हा झाले, त्यात स्टेरॉईड घेतले होते का, किती दिवस गोळी चुकली, वजन किती घटले आणि सध्या कोणती जीवनसत्त्वे किंवा खनिजे चालू आहेत, हे एका कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावे. दरम्यान औषधाचा ब्रँड बदलला असेल तर तेही लिहावे, कारण ब्रँडप्रमाणे शोषणात थोडा फरक पडू शकतो. या सगळ्यानंतर डोस बदलायचे ठरलेच, तर पुढची तपासणी पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनीच करावी.